रुळांना मानक, माणसाला मात्र दया

लखनौहून कानपूरकडे निघालेली गाडी शहर मागे टाकण्याआधी मानक नगर नावाच्या एका लहान स्थानकावरून जाते. भारतीय रेल्वेच्या अनुसंधान, अभिकल्प आणि मानक संघटनेचे, म्हणजे कामगारांच्या बोलण्यातील आरडीएसओचे, मुख्यालय येथे आहे व त्याभोवती रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. १९३० चे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ चे रेल्वे परीक्षण व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण करून १९५७ साली ही संघटना स्थापन झाली. देशभर धावणाऱ्या गाड्यांचे रूळ, चाके, ब्रेक, डबे कसे असावेत, ते किती झिजले म्हणजे बदलावेत, त्यांची तपासणी कशी व्हावी, याचे लिखित दंडक येथून निघतात. रूळ तडकला तर तो रुळाच्या पूर्वकर्माचा भोग आहे, असे रेल्वे म्हणत नाही. कोठे कुचराई झाली याचा तपास होतो आणि जबाबदारी निश्चित केली जाते.

परंतु ज्यांच्या श्रमावर ही रेल्वे चालते त्यांच्यापैकी एखाद्याच्या कानी आवाज येऊ लागले, सहकारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असा भ्रम त्याला घेरू लागला, त्याची झोप उडाली व बोलणे तुटले, की राज्यसंस्थेजवळचे सारे दंडक एकाएकी संपतात. तेथून पुढे सुरू होते ती दया. घरच्यांनी सांभाळावे, शेजाऱ्यांनी समजून घ्यावे, साहेबांनी डोळेझाक करावी. लोखंडाला हक्काची देखभाल आणि माणसाला मर्जीची, हा भेद अज्ञानातून आलेला नाही. आजारी माणसाचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाला सत्ताधारी वर्गाने दिलेले ते सोयीचे उत्तर आहे.

आग्र्याचा दाखला आणि त्याचा गैरवापर

छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, व तत्सम तीव्र मानसिक आजारांबाबत एक समज खोल रुजलेला आहे. तो असा की, एकदा हा आजार जडला की माणूस संपला. हा समज खोटा असल्याचा एक महत्त्वाचा पुरावा उत्तर प्रदेशातच मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत छिन्नमनस्कतेचा पथदर्शी अभ्यास सुरू केला. लंडन, मॉस्को, प्राग, वॉशिंग्टन यांच्या जोडीला आग्रा हेही त्याचे एक केंद्र होते. पुढील वर्षांच्या पाठपुराव्यात असे आढळले की, आग्रा, नायजेरियातील इबादान आणि कोलंबियातील काली येथील रुग्ण अनेक श्रीमंत देशांतील रुग्णांहून अधिक चांगले सावरले.

सावरणे म्हणजे काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. लक्षणांचा समूळ नायनाट झाला तरच माणूस सावरला, असे नाही. औषध चालू असते, अधूनमधून आवाजही ऐकू येतात. तरीही तो आपल्या घरात राहतो, काम करून मजुरी आणतो, नातीगोती राखतो आणि आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घेतो. हे शक्य आहे, एवढे त्या अभ्यासाने निर्विवाद दाखविले.

मात्र त्यातून सोयीचा निष्कर्ष काढणारे लगेच पुढे सरसावले. भारतात कुटुंबसंस्था बळकट आहे. म्हणून येथे सरकारी व्यवस्थेची फारशी गरज नाही, असा तो निष्कर्ष. पुढे या अभ्यासाच्या अन्वयार्थावर खुद्द मनोविकारतज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले, हे असे बोलणारे सांगत नाहीत. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात उत्तर प्रदेशही होता. भास-भ्रमाच्या तीव्र आजारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७५.५ टक्के लोक उपचारांविना असल्याचे त्यात दिसून आले. चारांपैकी तिघांपर्यंत साधे औषधही पोचत नाही, त्या देशात कुटुंबाच्या बळाची स्तोत्रे गाणे ही क्रूर थट्टा आहे.

आणि हे कुटुंब म्हणजे नेमके कोण? रात्र रात्र जागणारी आई, रोजगार सोडून घरी बसलेली पत्नी, शाळा सुटलेली मुलगी. पुरुष आजारी पडला तर स्त्री त्याला सांभाळते. स्त्री आजारी पडली तर अनेकदा तिला माहेरी पोचविले जाते. ज्याला ‘भारतीय कुटुंबाचे सामर्थ्य’ म्हणून गौरविले जाते ते बव्हंशी स्त्रियांचे विनामोबदला श्रम आहेत. कुटुंबाला साथ दिली की ते काय करू शकते, हे १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी दाखविले. नातेवाइकांना आवारातील तंबूंत उतरवून त्यांनी उपचारांत सामील करून घेतले. तेथे कुटुंबाच्या पाठीशी डॉक्टर उभा होता. त्याच्या जागी आजचे धोरण कुटुंबाला एकटे सोडते.

दोन कामगार, दोन न्याय

उदाहरणादाखल एकाच रेल्वे वसाहतीत राबणारे दोन कामगार घेऊ. एक कायम तंत्रज्ञ. दुसरा ठेकेदाराचा सफाई कामगार. दोघांनाही पंचविशीत तोच आजार झाला.

कायम कामगाराच्या पाठीशी कायदा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमाने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास व त्याचा दर्जा उतरविण्यास मनाई केली. तेच संरक्षण २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आले. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. मानसिक आजारातून येणारे अपंगत्व या दोन्ही कायद्यांत समाविष्ट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय याहून पुढे गेले. मानसिक अपंगत्व हे ज्या वर्तनाच्या कारणांपैकी एक आहे, त्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालविणे हा भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. आजारपणातील गैरहजेरीवर आरोपपत्र लादण्याची सवय असलेल्या प्रत्येक खात्याला हा निकाल दाखविला पाहिजे.

ठेक्यावरील कामगाराचे काय? तो उद्यापासून येऊ नकोस म्हटले की संपला. त्यालाही कागदावर एक आधार आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. कर्मचारी राज्य विमा योजना जेथे लागू आहे तेथे दीर्घ आजारांच्या यादीत छिन्नमनस्कतेसह या गटातील आजार येतात. नेहमीच्या ९१ दिवसांच्या लाभानंतर मजुरीच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ मिळू शकतो. परंतु त्यासाठी दोन वर्षे सलग विमाकृत नोकरी हवी. ठेकेदार बदलला, नव्याने जुन्याच माणसाला नवा म्हणून दाखविले, किंवा वर्गणी कापली पण भरलीच नाही, की हा हक्क हातचा गेला. उरते ते केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन. दारिद्र्यरेषेखालील व ८० टक्के अपंगत्व असलेल्याला त्यातील केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये! म्हणजे माणूस जवळजवळ पूर्ण कोसळल्याचे सिद्ध करावे, तेव्हा ३०० रुपये. आणि सावरू लागला की तेही जाण्याची भीती. सावरण्यालाच शिक्षा करणारी ही योजना आहे.

आजार एकच, औषध एकच, डॉक्टरही कदाचित एकच. तरीही एक सावरतो आणि दुसरा फलाटावर येतो. या फरकाचे कारण त्यांच्या मेंदूत सापडणार नाही. ते त्यांच्या नेमणुकीच्या कागदात आहे.

भिंतीबाहेर म्हणजे रस्त्यावर नव्हे

भिंतीआडच्या जुन्या मनोरुग्णालयांचे समर्थन करण्याचे काहीच कारण नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी कोठीला आग लागली आणि साखळदंडांत जखडलेली २८ माणसे मृत्युमुखी पडली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी घातली. कलम १९ ने समाजात राहण्याचा हक्क दिला. घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे बजाविले. कलम १८ ने मध्यंतर निवास, आधारयुक्त निवास आणि वस्तीतील पुनर्वसन सेवा पुरविण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

कायदा चांगला आहे. अंमलबजावणीचा नमुना पाहावा. बरेली, वाराणसी, आग्रा ही उत्तर प्रदेशातील मनोरुग्णालयांची जुनी ठाणी. त्या राज्यात बरे होऊनही रुग्णालयांत अडकून पडलेल्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका आली आणि २०१७ साली न्यायालयाने अशा व्यक्तींच्या पुनर्वसनाची व्यवस्था करण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. प्रश्न तेथेही तोच. त्याच याचिकेच्या ओघात २०२१ साली न्यायालयासमोर आले की, महाराष्ट्रात अशा माणसांना भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत हलविले जात आहे. हे ताबडतोब थांबवा, असे न्यायालयाला सांगावे लागले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याने समाजात राहण्याच्या हक्काचा अर्थ लावला तो असा!

ही लबाडी केवळ भारतीय नाही. अमेरिकेत १९६३ साली वस्तीपातळीवरील मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला, रुग्णालये रिकामी होत गेली. पण केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत आणि १९८१ साली रेगन राजवटीने केंद्रीय मदतीचा कणाच मोडला. रुग्णालयातून सुटलेली कितीतरी माणसे फुटपाथवर आणि तुरुंगात पोचली. इटलीत वेगळे घडू शकले. फ्रांको बासाल्या यांनी त्रिएस्ते शहरात मनोरुग्णालय मोडीत काढताना वस्त्यांमध्ये चोवीस तास उघडी असणारी केंद्रे उभारली आणि रुग्णांच्या सहकारी संस्था काढून त्यांच्या कामाला मजुरी मिळवून दिली. १३ मे १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्यामागे हा अनुभव होता. भिंत पाडण्याबरोबर घर आणि मजुरी द्यावी लागते, हा त्रिएस्तेचा धडा आहे.

दंडक लिहिता येतात

‘हे सारे भारतासारख्या गरीब देशाला परवडणारे नाही’ हा शेवटचा युक्तिवाद. त्याला उत्तर साताऱ्यातून व गोव्यातून देता येते. सातारा, गोवा व तामिळनाडू येथे छिन्नमनस्कतेच्या २८२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात आले. त्यांतील १८७ जणांकडे, डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीला, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जात. औषध, शारीरिक प्रकृती, रोजचे व्यवहार, रोजगार, सरकारी लाभ या सगळ्यांत ते साथ देत. वर्षअखेर त्यांची लक्षणे व अपंगत्व नुसते दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा माफक प्रमाणात कमी झाले. हा लाभ मुख्यतः ग्रामीण तामिळनाडूत दिसला. सातारा व गोव्यात तसा दिसला नाही. या निकालातून दोन गोष्टी निघतात. साध्या माणसांना शिकवून हे काम करता येते. आणि घरभेट हा जादूचा मंत्र नाही, तिच्यामागे औषध, निवारा व उत्पन्न यांची रांग लागते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘तराशा’ प्रकल्प २०११ पासून मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी निवारा आणि रोजगार या दोन टोकांनीच काम करीत आला आहे.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ साली जिल्हा कार्यक्रम आला, २०२२ साली टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा आली. दूरध्वनी उपयोगी आहे. परंतु ज्याला फोनमधूनच शत्रू ऐकत असल्याचा भ्रम आहे, त्याच्या दारी कोणी तरी चालत जावे लागते. ते चालत जाणारे माणूस पगारी असले पाहिजे. आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर मोबदल्याशिवाय आणखी एक टोपली ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

चळवळीपुढील काम

हा डॉक्टरांचा विषय आहे, असे म्हणून कामगार चळवळीला अंग काढून घेता येणार नाही. निदान आणि औषध डॉक्टरांचे. नोकरी, मजुरी, घर आणि मान हे चळवळीचे क्षेत्र आहे. रेल्वे वसाहतीतील, गिरणगावातील, औद्योगिक क्षेत्रातील प्रत्येक शाखेला काही कामे आजपासून हाती घेता येतील. आजारपणातील गैरहजेरीवर आरोपपत्र मिळालेल्या कामगाराची बाजू २०१६ च्या कायद्याच्या आधारे लढविणे. ठेका कामगारांची विमा वर्गणी भरली जाते की नाही, याची तपासणी करणे आणि ठेकेदार बदलला तरी सेवा सलग धरली जावी, अशी मागणी मान्य करून घेणे. अधिसंख्य पदाचे संरक्षण ठेका कामगारांना मुख्य मालकाच्या जबाबदारीवर मिळावे, ही मागणी करारनाम्यात घालणे. कलम १८ प्रमाणे जिल्ह्यात किती निवास उभे राहिले, हा प्रश्न जिल्हा परिषदेत व विधिमंडळात विचारणे. आणि सभेत, कचेरीत, चहाच्या टपरीवर ‘वेडा’ ही शिवी म्हणून वापरणाऱ्याला तेथल्या तेथे टोकणे.

भगताकडे व देवऋष्याकडे जाणाऱ्या कुटुंबाला हिणवून काही साधत नाही. दवाखाना दूर असतो, भगत गल्लीत असतो आणि तो रात्रीही दार उघडतो. अंधश्रद्धेला हटवायचे तर तिच्याहून जवळ आणि तिच्याहून विश्वासू अशी व्यवस्था उभी करावी लागेल.

रूळ किती झिजू द्यावा, याचा दंडक या देशाला लिहिता येतो आणि पाळताही येतो. तेवढीच काटेकोर भाषा माणसासाठी वापरावी, एवढीच ही मागणी आहे: आजारी पडल्यावर किती दिवसांत कोणी दारी यावे, किती वेतन चालू राहावे, कोणते घर मिळावे आणि ते न मिळाल्यास जबाबदार कोण. असा दंडक लिहून घेण्याची ताकद दयेत नाही. ती संघटित कामगारवर्गात आहे.