मोगऱ्याची पट्टी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने व्यवहार शिकावा तो व्यवहारातच, हे कुणीही मान्य करील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्र-प्रकल्पांना अभ्यासक्रमात जागाही मिळाली. पण आमचे प्रकल्प निघतात कशावर? मोटार-कंपन्या, बँका आणि शीतपेये! (गेल्या वर्षीच्या वहीतले आकडे यंदाच्या वहीत कसे उतरतात, हे सुज्ञांस सांगणे न लगे.)

इकडे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर नागली-वरईच्या जोडीला मोगरा आला आहे. पहाटे कळ्या खुडायच्या. त्या उमलण्याआधी दादरच्या फुलबाजारात पोचल्या पाहिजेत, उशीर झाला की भाव गेला. भाव ठरतो तिकडे, आणि बागवाल्याला तो कळतो पट्टी हाती आल्यावर. वजन किती धरले, अडत, हमाली, गाडीभाडे किती कापले, घरच्या माणसांच्या मजुरीचे काय उरले? अर्थशास्त्राचे अर्धे पुस्तक त्या चिठोऱ्यात आहे.

माझे म्हणणे असे की, चौघांच्या गटाने हंगामभर एकाच बागेचा हिशेब धरावा. एकाने तोडणीला हजर राहावे, दुसऱ्याने मालाबरोबर दादर गाठावे, तिसऱ्याने पट्ट्या जुळवाव्यात. चौथ्याचे काम सर्वांत अवघड. तो हिशेब बागवाल्याच्या अंगणात बसून त्याच्या बोलीत समजावून सांगायचा. ती बोली येणारी मुले आमच्या वर्गात आहेतच. फक्त वर्गात ती तोंड उघडत नाहीत. गटाचे पुढारीपण त्यांनाच द्यावे लागेल.

आणि गुण? निम्मे त्या बागवाल्याने द्यावेत. प्राध्यापक-महाशयांनी रागावू नये!