निवृत्तीनंतरचा लेथ आणि आपली कर्मादाने



धुळ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन जळगावला आले आणि मागच्या अंगणात लाकूड कातायचा छोटा लेथ बसवला. परवा नणंदबाई आल्या. लेथ पाहून म्हणाल्या, "भाभी, या वयात हे काय? लाकूड म्हणजे वनकर्म, लाख म्हणजे लाक्षावाणिज्य. प्रतिक्रमणात रोज म्हणता ना तुम्ही?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या प्रकरणात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. ती पोटापाण्याच्या धंद्यांबद्दल आहेत आणि मी काही विकत नाही. पण तेवढे म्हणून सुटका होत नाही. विकले नाही म्हणून हिंसा टळत नाही. म्हणून माझे मत असे की छंद सोडू नये, त्याला मर्यादा घालावी.

पहिली मर्यादा लाखेची. चन्नपट्टणची खेळणी चकाकतात ती लाखेने. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. दिसायला फार सुंदर! पण लाख म्हणजे फांदीवरच्या बारीक किड्यांचा स्राव, आणि ती काढताना असंख्य जीव मरतात. म्हणून मी अळशीचे तेल चोळते. लाटण्याला तर तेही नाही, नुसता पॉलिश पेपर.

दुसरी लाकडाची. झाड तोडायचे नाही. जुन्या बाजेचे पाय, मोडका पाळणा, वादळात पडलेली कडुनिंबाची फांदी एवढेच घ्यायचे. लाकडाला भोके असतील, ठोकल्यावर पीठ गळत असेल, तर ते बाजूला ठेवायचे. ओली फांदी आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात तडकते. तिच्या टोकांना रंग फासून ती सावलीत वाळू द्यायची.

तिसरी काळाची. पावसाळ्यात जीवोत्पत्ती जास्त, म्हणून चातुर्मासात लेथ बंद.

चौथी मला सगळ्यात कठीण गेली. हात बसला की वाट्या, डब्या, फुलदाण्यांचा ढीग लागतो. शोकेस भरण्यासाठी लाकूड कातणे हा माझ्या मते अनर्थदंड, आणि ढीग जमवणे हा परिग्रह. आता वर्षाला 12 वस्तू, त्याही वापरातल्या, आणि सगळ्या देऊन टाकायच्या.

एवढे करून उरते काय? एकाग्रता. मन जरा भरकटले की पटाशी लाकडात रुतते आणि तास-दीड तासाचे काम जाते. प्रमाद म्हणजे काय, हे मला सामायिकाइतकेच लेथने शिकवले. आणि हे काम हलके समजू नका. गोचरीला आलेल्या महाराजसाहेबांच्या हातातली गोल लाकडी पात्रे कोणीतरी कातूनच घडवलेली असतात.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आधी जवळच्या कसबी सुताराकडे बसून पाहावे. लेथजवळ पदर, ओढणी, बांगड्या, मोकळे केस नकोत. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला मास्क हवाच. मुहपत्तीची सवय असलेल्यांना तो जड जाणार नाही!

नणंदबाईंना सगळे पटलेले नाही. विजेचे यंत्र चालते तिथे हिंसा शून्य नसते, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून रात्रीच्या प्रतिक्रमणात लेथची आलोचनाही करते आणि सकाळी पुंजणीने जागा पुंजूनच काम सुरू करते.