कूपन वटवायचे कोठे?

शिक्षणाचा पैसा शाळेऐवजी पालकाच्या हाती कूपनरूपाने द्यावा, म्हणजे शाळा आपोआप सुधारतील, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. शहरात त्यात तथ्य असेलही. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी तरतूद 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे: खासगी विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के जागा दुर्बल घटकांना, शुल्काची भरपाई सरकारकडून. सरकारी वा अनुदानित शाळा 1 किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळांना यातून सूट देणारा राज्य शासनाचा फेब्रुवारी 2024 चा बदल उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केला, हे उचितच झाले.

परंतु शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर या हक्काचे करायचे काय? तेथे जिल्हा परिषदेची शाळा तेवढी एक. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, मुलेही पाठोपाठ. परततात ती पावसाळ्याच्या तोंडावर. त्या बापाने कूपन कोठे वटवावे? आणि 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढण्याची कल्पना शासनाने 2023 मध्ये पुढे केली, तेव्हा गदा येणार होती ती असल्याच एकुलत्या शाळांवर. निवडीचे गोडवे गाणारे त्या वेळी फारसे बोलले नाहीत. पाड्यावरची शाळा राखावी, आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे दिवाळीपूर्वी उघडावीत; पालक भट्टीवर पोहोचल्यानंतर नव्हे.