डास मारण्याआधी तो ओळखायला हवा

पावसाळा आला की शहरांत धूरफवारणी सुरू होते. मात्र ही फवारणी नेमक्या कोणत्या डासासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक डासनियंत्रणाचे यश त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो आणि घरातील पिंपे, फुलदाण्यांतील पाण्यात वाढतो. हत्तीरोगाचा वाहक क्युलेक्स रात्री चावतो आणि गटारांत पोसला जातो. शहरी हिवताप पसरविणारा अॅनॉफिलिस स्टीफेन्सी विहिरी व गच्चीवरील टाक्यांचा आश्रय घेतो. साहजिकच ओळख चुकली की टाकी उघडीच राहते आणि औषध गटारात पडते.

ओळखीच्या काही खुणा सोप्या आहेत. एडिस इजिप्तीच्या पाठीवर वीणेसारखी पांढरी नक्षी असते. अॅनॉफिलिस अंग तिरके उचलून बसतो. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते, तर क्युलेक्सची डोके खाली करून लटकते. लांब पायांची क्रेन फ्लाय अनेकांना महाकाय डास वाटते. ती चावत मात्र नाही.

रोनाल्ड रॉस यांना 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले, तेव्हा त्या डासाचे शास्त्रीय नाव त्यांना ठाऊक नव्हते. 'ठिपकेदार पंखांचा डास' एवढेच वर्णन त्यांनी केले. ही उणीव भारतापुरती भरून निघाली ती ख्रिस्तोफर्स (1933) व बॅरॉड (1934) यांच्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतील खंडांमुळे. एकेक खूण तपासत जातीपर्यंत नेणारी त्यांतील कोष्टके पुढील अभ्यासाचा पाया ठरली.

तथापि अशी साधने कालबाह्य होतात. आशियातील स्टीफेन्सी 2012 मध्ये आफ्रिकेतील जिबूतीत आणि 2016 मध्ये इथिओपियात आढळला. तेथे प्रचलित असलेल्या 1987 च्या कोष्टकात त्याची नोंदच नव्हती. सुधारित कोष्टक 2020 मध्ये आले. भारतातील ग्रामीण हिवतापाचा वाहक अॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस हा तर दिसायला एक, पण प्रत्यक्षात पाच भावंड-जातींचा समूह आहे. त्यांपैकी 'बी' जात हिवताप फारसा पसरवीत नाही. हा भेद गुणसूत्रांच्या किंवा जनुकीय तपासणीतच कळतो.

अर्थात पकडलेल्या प्रत्येक डासाची अशी तपासणी शक्य नाही. पहिली चाळणी सूक्ष्मदर्शक, अद्ययावत कोष्टक आणि प्रशिक्षित कीटक समाहारक यांचीच असते. फवारणी यंत्रे वाढवताना या माणसांकडे दुर्लक्ष झाले, तर धूर दिसेल, डासही राहतील.