परदेशी डॉक्टरकी आणि वतनाचा तुकडा

मुळशी तालुक्यात भरे, पिरंगुट, घोटवडे या पट्ट्यात कारखाने आले, बंगले आले आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. भाव आला की दलाल येतोच. आता जमिनीच्या दलालामागोमाग परदेशी वैद्यकीय पदवीचा दलालही बौद्ध वस्तीत फिरू लागला आहे. मुलीला नीटमध्ये गुण कमी पडले असे कळायचा अवकाश, की 'ऑस्टिओपॅथिक डॉक्टर' हा नवा शब्द घेऊन तो दारात हजर! भरे येथील एका बापाने असेच एक माहितीपत्रक आमच्याकडे आणले. सोबत सातबाराही आणला होता.

दलालाचे बोलणे अर्धे खरे असते, म्हणूनच ते घातक. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 साली मिसुरी राज्यात या पद्धतीचे पहिले विद्यालय काढले. आज अमेरिकेत 'डी.ओ.' पदवीधर हा पूर्ण डॉक्टर असतो. तो औषध लिहितो, शस्त्रक्रिया करतो, एम.डी.च्या बरोबरीने रुग्णालयात काम करतो. पण ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने नोंदलेला ऑस्टिओपॅथ हा हाडे, सांधे, स्नायूंवर हाताने उपचार करणारा. त्याला डॉक्टर म्हणून औषध लिहिता येत नाही. नाव एक, धंदे दोन! माहितीपत्रकात अमेरिकेचे चित्र आणि प्रवेश भलत्याच देशात, ही चलाखी आमच्या अशिक्षित आईबापांना कशी कळावी?

बरे, खरोखर अमेरिकेलाच जायचे म्हटले, तर बारावीनंतर थेट प्रवेश नाही. आधी पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग चार वर्षे. परदेशी विद्यार्थ्यांना काहीच महाविद्यालये घेतात, तिथल्या सरकारचे कर्ज त्यांना मिळत नाही आणि बहुतेक ठिकाणी नुसती फी वर्षाला 50 हजार डॉलरच्या पुढे. शिकून तिथेच राहिली तर पोरगी डॉक्टर होईल. पण परत येऊन आपल्या माणसांत दवाखाना काढायचा असेल तर? राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा 18 नोव्हेंबर 2021 चा नियम किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि वर आंतरवासिता मागतो. चार वर्षांचे महिने होतात 48. दलाल हे गणित मांडत नाही. आयोगाचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, असे आमचे वकील म्हणून स्पष्ट मत आहे.

आणि पैसा येणार कुठून? वतनाच्या जमिनीतून! या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. दलाल साध्या कागदावर सही घेऊन विसार देतो. व्यवहार बेकायदा ठरतो, जमीन अडकते आणि फी तर भरून झालेली असते.

बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले ते घरदार विकून नव्हे. बडोदा संस्थानने महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली होती. मग आजचे सरकार काय करते? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी. डी.ओ. पदवी घेतल्यावर मिळते, तरी ती पहिली वैद्यकीय पदवीच. मग ती या योजनेत बसते की नाही? पात्र मुलामुलींना तोंडी उत्तरांवर लोंबकळत ठेवणे हा सामाजिक न्याय नव्हे.

तोवर एक वाट उघडी आहे. सरकारी महाविद्यालयातील राखीव जागेवर इथेच एम.बी.बी.एस. करावे आणि मग अमेरिकेची यूएसएमएलई परीक्षा देऊन तिथे पुढच्या प्रशिक्षणाला जावे. एक वर्ष वाया गेले तरी चालेल, पुन्हा नीट द्यावी. घरी थांबलेल्या मुलीला टोमणे मारणाऱ्यांनी जरा गप्प बसावे.

समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. डी.ओ.सारख्या पदव्यांना शिष्यवृत्ती लागू आहे काय आणि नसेल तर का नाही, असा लेखी खुलासा मागणारा अर्ज मुळशीतील कार्यकर्त्यांनी या आठवड्यातच तिथे द्यावा आणि पोचपावती घ्यावी.