बंधाऱ्याचे वेळापत्रक

वाशीम जिल्ह्यातील वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पंचवार्षिक योजनांची उद्दिष्टे तोंडपाठ म्हणून दाखवितो. परंतु नाल्यावरील एक सिमेंट बंधारा पावसाळ्यापूर्वी पुरा व्हावयाचा तर कार्यारंभ आदेश कोणत्या महिन्यात निघाला पाहिजे, असे विचारताच तो गप्प होतो. दोष त्याचा नव्हे. हा हिशेब त्याला कोणी शिकविलेलाच नाही. आणि उद्या पंचायत समितीत लिपिक म्हणून त्याच बंधाऱ्याची फाइल त्याच्याच टेबलावर येणार आहे.

हिशेब अवघड नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ची रीत निघाली. कोणते काम कोणत्या कामावाचून अडते ते लिहावयाचे, प्रत्येकाचे दिवस मांडावयाचे आणि सर्वांत लांब साखळी शोधावयाची. तीत एक दिवस हुकला की सारे काम एक दिवस लांबते. पाया, काँक्रीट, त्यावर पाणी मारण्याचे दिवस, ही साखळी गवंड्यालाही ठाऊक असते. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा ही कागदावरची साखळी मात्र कोणी दिवसांत मोजीत नाही. मार्चमध्ये पंधरा दिवस पडून राहिलेली फाइल जूनमध्ये एका वर्षाची होते, कारण पाऊस थांबत नाही.

ब्रिटिश सरकारने १९८९ मध्ये संगणक-प्रकल्पांसाठी ‘प्रिन्स’ ही पद्धती स्वीकारली. १९९६ मध्ये ‘प्रिन्स-टू’ या रूपात ती सर्वच प्रकल्पांसाठी खुली झाली. तिची परिभाषा आणि प्रमाणपत्रांचा बाजार बाजूस ठेवू. घेण्याजोगे एवढेच, की काम टप्प्यांत विभागावे आणि प्रत्येक टप्प्याअखेर ‘हे काम अजूनही करण्याजोगे आहे काय, आणि केवढ्याला?’ हा प्रश्न लेखी विचारावा. आपल्या विदर्भातील गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ साली झाले. ३७२ कोटींचा मूळ अंदाज पुढे अठरा हजार कोटींवर गेला. भूसंपादन आणि पुनर्वसनाचे प्रश्न तक्त्याने सुटत नाहीत, हे खरे. पण दिवस कोणाच्या टेबलावर गेले हे तक्ता सांगतो. तो फारसा लोकप्रिय नाही, याचे एक कारण कदाचित हेच असावे.

अमरावती विद्यापीठाने पदवीच्या अखेरच्या वर्षी एवढा एकच अभ्यास द्यावा: प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील एक पुरा झालेला बंधारा घ्यावा आणि पहिल्या ठरावापासून मोजमाप पुस्तिकेतील शेवटच्या नोंदीपर्यंतच्या तारखा एका कागदावर मांडाव्यात. तारखा सहज मिळाल्या नाहीत, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.