९ एएचची बॅटरी तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत? ड्रिलची बॅटरी बदलण्याआधी हे गणित करा

गेल्या महिन्यात आमच्याकडे वॉर्डरोब बसवायला एक सुतारकाका आले होते. दुपारपर्यंत त्यांच्या कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी तीनदा उतरली. शेवटी वैतागून त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "तू कॉम्प्युटरवाला ना? सांग बरं, यातली कुठली घेऊ?"

स्क्रीनवर दोन बॅटऱ्या होत्या, दिसायला अगदी सारख्या. एक कंपनीची, ५ एएच. दुसरी कधी न ऐकलेल्या नावाची, ९ एएच, आणि किंमत पहिलीच्या तिसरा हिस्सा. "काका, ओरिजिनलच घ्या" असं सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण ओरिजिनल इतकी महाग का आणि स्वस्तवाली इतकी स्वस्त का, हे समजल्याशिवाय त्या सल्ल्याला अर्थ नाही.

फोनचं ५००० आणि ड्रिलचं ५०००

तुमच्या फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी असेल. काकांच्या ड्रिलवर ५ एएच लिहिलंय, म्हणजे तेवढंच. मग फरक कुठे आहे? व्होल्टेजमध्ये. फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे एकूण ऊर्जा सुमारे १९ वॉट-अवर. ड्रिलची १८ व्होल्टची, म्हणजे ९० वॉट-अवर. जवळजवळ पाच फोन एका डब्यात. म्हणून ही बॅटरी बिघडली तर आगसुद्धा फोनपेक्षा मोठी लागू शकते.

हे १८ व्होल्ट येतात पाच लिथियम सेल एकामागे एक जोडून. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाचांचे १८. फुल चार्ज झाल्यावर तोच सेल ४.२ व्होल्टला जातो, पाचांचे २१. म्हणजे '१८ व्होल्ट', '२० व्होल्ट मॅक्स' आणि '२१ व्होल्ट' ही तिन्ही लेबलं त्याच पाच सेलची आहेत. ऑनलाइन '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असंही लिहिलेलं दिसतं. खरोखरच ८८ व्होल्ट हवे असतील तर किमान २१ सेल एका रांगेत लागतील. तेवढे त्या डब्यात मावतच नाहीत.

९ एएच खोटं आहे हे कसं ओळखायचं?

या डब्यांमध्ये बहुतेकदा '१८६५०' नावाचे सेल असतात: १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. या आकाराच्या नेहमीच्या सेलमध्ये सहसा ३.५ एएचच्या आसपासपर्यंत क्षमता मिळते. त्यातही ड्रिल किंवा ग्राइंडरला लागतो तसा जोराचा करंट देणारे सेल साधारण २.५ ते ३ एएचचे असतात. पाच-पाच सेलच्या दोन रांगा, म्हणजे दहा सेल घातले तरी खरी क्षमता ५ ते ६ एएच. त्याच डब्यावर ९ एएच लिहिलं असेल तर प्रत्येक सेल ४.५ एएचचा हवा, आणि असा १८६५० सेल बाजारात नाही.

'२१७००' या जाड सेलमध्ये ४ ते ५ एएच मिळतात, पण त्याचं वजन ७० ग्रॅमच्या आसपास असतं. असे दहा सेल घातलेली खरी ८-९ एएचची बॅटरी एक किलोच्या जवळपास भरते. म्हणून लिस्टिंगमध्ये वजन बघा. दहा १८६५० सेलचंच वजन साडेचारशे ग्रॅमच्या पुढे जातं. '९ एएच, ४०० ग्रॅम' असं दिसलं की पान बंद करा.

खरी बचत कुठे केलेली असते?

सेलपेक्षाही जास्त काटछाट होते ती बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या सर्किट बोर्डावर. ग्राइंडर जोरात चालतो तेव्हा ३०-४० अँपियर करंट सहज ओढतो. पाचपैकी एक सेल अशक्त असेल तर तो बाकीच्यांच्या आधी रिकामा होतो. चांगला बोर्ड प्रत्येक सेलवर आणि तापमानावर नजर ठेवतो आणि वेळीच पुरवठा तोडतो. स्वस्त बोर्ड अनेकदा फक्त एकूण व्होल्टेज बघतो. एकूण आकडा ठीक दिसतो, आणि तो एक सेल आत मरत राहतो. पुढच्या चार्जिंगला एकूण २१ व्होल्ट गाठायच्या नादात बाकीचे चार मर्यादेपलीकडे भरले जातात. आगीची सुरुवात इथून होते.

आणखी एक घोळ आहे. काही कंपन्यांत बॅटरी केव्हा थांबवायची हे बॅटरी ठरवते, काहींत मशीन ठरवतं. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावणारे स्वस्त अडॅप्टर मिळतात. त्यातले बरेचसे फक्त प्लस आणि मायनस जोडतात, सिग्नलची पिन मोकळीच राहते. मग थांबवायचं कोणी? कोणीच थांबवत नाही.

मग ओरिजिनल इतकी महाग का?

चांगले सेल आणि चांगला बोर्ड यांना पैसे लागतात, हे खरंच. पण दुसरं कारण म्हणजे तुम्ही अडकलेले असता. १८ व्होल्ट सगळ्यांचे सारखे, पण प्रत्येक कंपनीचा खाचा वेगळा. एकदा मशीन घेतलं की बॅटरी त्याच दुकानातून. वर चार्जर आणि बॅटरी एकमेकांशी डिजिटल सिग्नलने बोलतात. सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून सांगतो, सुरक्षेसाठी केलेली तपासणी आणि बाहेरच्याला अडवण्यासाठी केलेली तपासणी कोडमध्ये जवळजवळ सारखीच दिसते.

कंपन्यांनी आपापसात काही गट केले आहेत. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये 'कॅस' सुरू झाला, बॉशचे 'पॉवर फॉर ऑल' आणि 'अँपशेअर' आहेत. एकाच गटातली मशीनं एकच बॅटरी वापरतात. पण गट बदलला की परत तेच.

फोनच्या चार्जरचंही असंच होतं. मग युरोपने कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं झालं. टूल्सच्या बॅटरीला असा एकच खाचा कोणी सक्तीचा केलेला नाही. मात्र युरोपच्या २०२३ च्या बॅटरी नियमातलं एक कलम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतंय. जुळणारी दुसरी बॅटरी बसवायला सॉफ्टवेअरने आडकाठी करायची नाही, आणि मॉडेल बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं वाजवी दरात बॅटरी द्यायची. पण हे संपूर्ण बॅटरीपुरतं आहे. ड्रिलच्या बॅटरीतला एक सेल मेला तर तो बदलता यावा, अशी सक्ती त्यात नाही.

आपल्याकडे केंद्राने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं आधी घेतली. रोज ड्रिलवर पोट असलेल्या माणसाचा विचार त्यात ठळकपणे व्हायला हवा, असं मला वाटतं. तो होत नाही तोवर काका त्या ९ एएचच्या लिस्टिंगकडेच वळणार.

घ्यायच्या आधी एवढं करा

- मशीनच्या आधी बॅटरीचा गट निवडा. पुढची सगळी मशीनं त्यातलीच घ्या.
- एएच, सेलची संख्या आणि वजन यांचा मेळ बसतो का बघा.
- लेबलवर बीआयएसचा 'आर' नंबर असेल तर 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासा.
- तपकीर गल्ली किंवा लॅमिंग्टन रोडला सेल बदलून घेणार असाल तर दोन प्रश्न विचारा: सेल कुठल्या कंपनीचे आणि किती अँपियरचे? जोडणी स्पॉट वेल्डिंगने की थेट सोल्डरने? सोल्डरच्या उष्णतेने सेल खराब होतो.
- फुगलेली किंवा चार्जिंगला कडक तापणारी बॅटरी परत चार्जला लावू नका. घंटागाडीतही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी द्यायची असते, आणि गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

काकांना मी हेच गणित त्यांच्या फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मागच्या वर्षी घेतलेली ती ८ एएचवाली..." ती त्यांच्या टेम्पोतच होती, हाताला अजून गरम लागत होती. ती त्यांनी बाजूला काढली आणि कंपनीची ५ एएच मागवली.